रुद्रप्पाची गिरणी

मेंढा विकत घ्यायचा तर आधी धुळाप्पाला दाखवावा, असं मंद्रूपच्या बाजारात एके काळी म्हणत. तो मेंढ्याचं तोंड उघडून दात बघे, पाठीच्या कण्यावरून अंगठा दाबत नेई, मागचा पाय उचलून खूर हुंगे आणि मग दहा पावलं मागं जाऊन नुसता बघत राही. एवढं झाल्यावर दहातल्या नऊ वेळा म्हणे, "न्हाय. ह्यात कायतरी कमी हाय." काय कमी आहे ते त्याला कधी सांगता आलं नाही. पण न घेतलेला मेंढा पुढं कसा निघाला हे बघायला कोण जातो? त्यामुळं त्याचा शब्द कधी खोटा ठरला नाही, आणि पारखी म्हणून त्याचं नाव चार गावांत झालं.

पुढं एका पावसाळ्यात रोग येऊन मेंढरं गेली. धुळाप्पा बायकोला, राजाबाईला, घेऊन सोलापुरात आला आणि कापडाच्या मिलमध्ये लागला. तिथं सात वर्षं बरी गेली. आठव्या वर्षी खात्यात नवा जॉबर, म्हणजे मुकादम, आला. धुळाप्पानं त्याला दहा पावलांवरून न्याहाळलं आणि चारचौघांत आपलं मत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला मिलच्या फाटकातून आत घेतलं नाही.

मग शुक्रवार पेठेत, पत्र्याची पडवी असलेल्या एका खोलीत, आंबिलीचं दुकान निघालं. दुकान धुळाप्पाचं आणि आंबील राजाबाईची. ती पहाटे शाळू भरडायची, भरडा रांजणात भिजत घालायची, आंबला की शिजवायची, निवला की त्यात ताक, लसूण, जिरं, मीठ घालून सारखा करायची. धुळाप्पा पुढं घोंगडीवर बसून पितळी पेले भरायचा आणि लोकांना आंबिलीतलं मर्म समजावून सांगायचा. मिलचा भोंगा झाला की पडवीत उभं राहायला जागा नसे. साधी माणसं आजची मागायची. दिवसभर मागाजवळ उभे राहून कंबर मोडलेले काही जण हळूच "कालची हाय का?" म्हणून विचारायचे, कारण कालची जिभेला झोंबायची आणि घरी जाताना पाय जरा हलके पडायचे. सरकारच्या दारूच्या दुकानाएवढं त्यात काही नव्हतं, पण गिऱ्हाईक मात्र त्या दुकानापेक्षा बरं होतं.

हे असं अकरा वर्षं चाललं. तेहतीस सालच्या मार्गशीर्षात राजाबाईचा उजवा खांदा धरला. आधी वेणी घालताना हात वर जाईना, मग पाण्याची घागर उचलेना. वैद्यांनी खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, "रोज किती दळता?"

"दोन पायल्या," राजाबाई म्हणाली. "आनि घरच्या भाकरीचं निराळं."

"जातं सोडा. नाहीतर हा हात नुसता लोंबायला राहील."

घरात लेक नाही, सून नाही. राजाबाईचा हात गेला की आंबील गेली, आंबील गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की पुन्हा मंद्रूपला मेहुण्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं. धुळाप्पाला हे सगळं एका क्षणात दिसलं. तो वैद्यांच्या पायरीवरच उभा राहून म्हणाला, "तू काळजी करू नगंस. मी गिरनी बगतो."

आणि तो गिरणी बघायला लागला.

त्या सुमारास सोलापुरात पिठाच्या गिरण्या बऱ्याच झाल्या होत्या. दुसऱ्या कुणी सगळ्यांत जवळची धरली असती. धुळाप्पा पहिल्या गिरणीपुढं गेला, दहा पावलांवर उभा राहिला आणि पाऊण तास बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं पट्ट्याला हात लावून पाहिला, दगडाच्या पेटीला कान लावला, पीठ चिमटीत धरून हुंगलं. गिरणीला दात नसतात म्हणून गिरणीवाल्याचे दात निरखून पाहिले. गिरणीवाला शेवटी वैतागला. "मामा, दळायचं हाय का सोयरीक जमवायची हाय?"

धुळाप्पानं मापटंभर शाळू दळून घेतला. पीठ आलं ते भाकरीचं, मऊ, रेशमासारखं. त्याची आंबील शिजवली तर पळी उभी राहिली. रोजचं गिऱ्हाईक नरसय्या, हातमागावर लुगडी विणणारा माणूस, त्यानं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "धुळाप्पा, हे प्यायला नको देऊ. मला दे. सुताच्या पाजणीला फस्ट क्लास खळ आहे ही."

दुसऱ्या गिरणीवाल्याला धुळाप्पानं दगड वर उचलून जाडसर भरडा काढायला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या दोन पायल्यांसाठी दगड हलवला तर मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका माझा भरडा काढतील. फार विनवल्यावर त्यानं दुपारी, सगळी दळणं आटोपल्यावर, दगड वर घेतला. पण तोवर दगड असे तापले होते की भरड्यात बोट घालवेना. तो ऊन भरडा धुळाप्पानं पोत्यात बांधून आणला आणि तसाच भिजवला. सकाळपर्यंत रांजण फसफसला. त्या दिवशी सुटी झाल्यावर आजचीच कालचीपेक्षा कडक निघाली, पडवीत दोघंजण रडले आणि एकानं जॉबरच्या नावानं भजन केलं. वास लागून आबकारीचा शिपाई आला. त्यानं चौकशीसाठी म्हणून दोन पेले घेतले, काही सापडलं नाही म्हणून तिसरा घेतला, आणि असं पुन्हा होता कामा नये असं सांगून भिंतीच्या आधारानं गेला.

तिसऱ्या गिरणीत आधी कुणाच्या तरी मिरच्या दळून झाल्या होत्या. त्या आंबिलीबद्दल न बोललेलं बरं.

चौथी गिरणी धुळाप्पाला मनापासून आवडली. एका दुकानात मुंबईहून आलेली लोखंडी हातगिरणी होती, हिरव्या रंगाची, बाजूला दांडा आणि खाली जाड-बारीक करायचा खिळा. दात होते. धुळाप्पानं ते मोजले, अंगठ्यानं चाचपले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशात काही कमी दिसेना. परत द्यायच्या बोलीवर ती त्यानं डोक्यावरून घरी आणली, फळीला आवळून बसवली आणि राजाबाईला हाक मारली. तिनं चारही बाजूंनी बघितलं.

"चांगली हाय की," ती म्हणाली. "पर अवो, ही फिरवायची कुनी?"

धुळाप्पानं दांड्याकडं बघितलं. मग त्यानं गिरणी फळीवरून सोडवली आणि म्हणाला, "मी म्हनलंच हुतं, ह्यात कायतरी कमी हाय."

मजुरीनं दळणारी बाईही बघून झाली. सारजाबाई म्हणून शेजारच्या बोळातली होती. तिनं दोन दिवस दळलं, दोन्ही दिवस, सांगूनही, भाकरीला दळतात तसं बारीक. तिसऱ्या दिवशी राजाबाईनंच तिला परत पाठवलं.

अशात पौष गेला, माघ गेला. धुळाप्पा रोज दुपारी फडक्यात शाळू बांधून निघायचा आणि संध्याकाळी थकून यायचा. गिरण्या संपल्या तेव्हा तो पहिल्यापासून पुन्हा बघायला लागला, कारण मधल्या काळात एखादी सुधारली असेल. बायकोसाठी आपण किती हाल काढतोय असं त्याला खरोखर वाटायचं, आणि त्यानं त्याचे डोळेही भरून यायचे. दुकान तर बंद ठेवता येत नव्हतं. म्हणून योग्य गिरणी मिळेपर्यंत राजाबाई रोज पहाटे उठून दोन पायल्या दळत होती.

चैत्रात एका सकाळी तिच्या हातातून परात पडली. हात खांद्यापासून उचलेचना. निरोप गेला, तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला मंद्रूपला घेऊन गेला. तिकडं केराबाई नावाची म्हातारी तेलानं हाडं बसवायची. आठ दिवस तरी लागतील, असं ठरलं. जाताना राजाबाईनं सांगितलं, "दोन दिसांचा भरडा हाय. त्येच्या म्होरं दुकान बंद ठिवा."

पण चैत्रातलं ऊन, रांजणभर गिऱ्हाईक, आणि दुकान बंद ठेवलं तर लोक दुसरीकडं प्यायला शिकतात. तिसऱ्या दिवशी पहाटे धुळाप्पा जात्यापुढं येऊन उभा राहिला. सवयीनं दहा पावलं मागं गेला, तर पाठ भिंतीला लागली.

पुरुषानं जात्याला हात लावायचा तो तुरुंगात. तीस सालच्या सत्याग्रहापासून सोलापुरातली कितीतरी चांगली माणसं तुरुंगात दळून आली होती आणि बाहेर आल्यावर त्यांच्या गळ्यात हार पडले होते. पण घरात बसून बायकोच्या जात्यावर दळणाऱ्या धनगराला कोण हार घालणार? मंद्रूपला कळलं असतं तर मेंढ्यांनीसुद्धा त्याला दात दाखवले नसते. त्यानं दाराला आतून कडी लावली, आवाज जाऊ नये म्हणून फटीत पोतं कोंबलं, धोतर आवरून बसला आणि खुंटा धरला.

त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जातं जड होतं. सूपभर शाळू भरडेपर्यंत तळव्याला फोड आला. जात्याच्या तोंडात टाकायची वैरण कधी जास्त पडायची, कधी जातं नुसतंच फिरायचं. दोन पायल्या व्हायला सूर्य चांगला वर आला. जे निघालं ते जाडंभरडं, ओबडधोबड होतं, आणि गार होतं. दुसऱ्या दिवशी ते शिजलं. धुळाप्पानं पहिला पेला नरसय्याच्या हातात दिला.

नरसय्यानं पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि आत डोकावून विचारलं, "वहिनी आल्या वाटतं?"

राजाबाई नवव्या दिवशी आली. हात आता छातीपर्यंत उचलत होता, आणि तेवढ्यावरच समाधान मान, असं म्हातारीनं सांगितलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं रांजणातली आंबील वाटीत घेतली. एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला. धुळाप्पा आयुष्यभर ज्या नजरेनं मेंढ्यांकडं बघत आला, ती नजर त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या वाट्याला आली.

"ह्यो भरडा कुठल्या गिरनीचा?"

"हाय एक," धुळाप्पा म्हणाला. "तळ्याकडं. नवी झालीया."

"गिरनीवाला कोन?"

"रुद्रप्पा," त्याच्या तोंडून निघून गेलं. असा कुणी रुद्रप्पा त्याच्या ओळखीत नव्हता.

"मग हीच धरा," राजाबाई म्हणाली. "लई फिरलासा. आता बास."

झालं, गिरणी ठरली. चार महिने बघून बघून धुळाप्पानं शेवटी जी निवडली ती गिरणी तो स्वतःच होता.

घरात दळणं आता शक्य नव्हतं. त्याचा दोस्त कोंडीबा गाडीवान होता, पेठेच्या मागच्या अंगाला त्याचा बैलांचा गोठा होता. बैलांचे हुलगे भरडायला कोंडीबाला जातं पाहिजे, असं धुळाप्पानं घरी सांगितलं. जातं गाडीवर चढताना राजाबाईनं त्याला नुसतं हळदकुंकू लावलं. कोंडीबाला मात्र खरं सांगावं लागलं. तो इतका हसला की बैल बिचकले. मग म्हणाला, "गड्या, माजी बैलं बी अशी न चाबूक मारता दळली असती तर मी राजा झालो असतो."

तेव्हापासून धुळाप्पा रोज सकाळी डोक्यावर शाळूचं पोतं घेऊन निघायचा आणि दोन-अडीच तासांनी भरडा घेऊन परत यायचा. डोक्यावर पोतं घेऊन गिरणीकडं चाललेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. घोंगडीवर बसून तो आता गिऱ्हाइकांना यंत्रयुगाबद्दल सांगायचा. माणसाच्या हातात काय आहे, सगळा दगडाचा गुण, असं म्हणताना तळव्यावरचे घट्टे दिसू नयेत म्हणून मूठ मिटलेली ठेवायचा.

एक अडचण होती. राजाबाईला रुद्रप्पाबद्दल फार आपलेपणा वाटायला लागला.

"किती वयाचा हाय?"

"माज्याएवढाच."

"लेकरंबाळं?"

"न्हाईत."

"अगंबाई," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी रुद्रप्पासाठी तांब्याभर आंबील आणि लसणाची चटणी बांधून दिली. मग रोजच देऊ लागली. धुळाप्पा गोठ्यात बसून रुद्रप्पाच्या नावानं ती प्यायचा, आणि घरी येऊन रुद्रप्पानं काय म्हटलं ते सांगायचा. पहिल्यांदा रुद्रप्पा थोडंच बोलायचा. पुढं पुढं तो तिच्या आंबिलीची फार तारीफ करायला लागला. स्वतःच्या तोंडून अशी तारीफ धुळाप्पानं अकरा वर्षांत कधी केली नव्हती. परक्याच्या नावावर ती सहज निघायची, आणि ऐकताना राजाबाईचा चेहरा उजळायचा. धुळाप्पाला त्या रुद्रप्पाचा थोडा मत्सरही वाटायला लागला होता.

तिकडून निरोपही यायचे. "रुद्रप्पाला सांगा, आज बारीक आलाय." "रुद्रप्पाला म्हनावं, घाई नगं करू, निम्मं कनसासकट आल्यागत वाटतंय." धुळाप्पा मान खाली घालून म्हणायचा, "सांगतो." दुसऱ्या दिवशी भरडा बरोबर यायचा.

आषाढ लागता लागता धुळाप्पाचा उजवा खांदा ठणकायला लागला. आधी त्यानं वाऱ्यानं धरला म्हणून सोडून दिलं. मग पागोटं बांधताना हात वर जाईना. एका सकाळी पोतं डोक्यावर चढवताच येईना. ते खाली ठेवून तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आज गिरनी बंद हाय. रुद्रप्पा आजारी हाय."

राजाबाई चुलीपुढं होती. तिनं लाकूड मागं ओढलं, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला.

"चला की मग, बगून येऊ. येवढा आपल्यासाटी राबतोय मानूस."

"अगं, लांब हाय. तळ्याकडं. आनि त्येला मानसं आवडत न्हाईत."

ती ऐकायला थांबलीच नाही. धुळाप्पा तिच्यामागं बोळातून धावत निघाला, काय सांगावं हे जुळवत. रुद्रप्पा गावाला गेला म्हणावं, मेला म्हणावं, की गिरणीच जळाली म्हणावं? मेला म्हणावं असं त्यानं ठरवलं, पण मन धजेना, कारण इतक्या महिन्यांत त्या माणसाचा त्याला लळा लागला होता. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की राजाबाई तळ्याकडं वळलीच नाही. ती पेठेच्या मागच्या अंगाला आली, कुणालाही न विचारता कोंडीबाच्या गोठ्याचं फाटक ढकलून आत गेली. कोंडीबा बैलांना पाणी पाजत होता. त्यानं तिला पाहिलं, धुळाप्पाला पाहिलं, आणि बैल घेऊन बाहेर निघून गेला.

जातं कोपऱ्यात होतं. त्याच्या शेजारी चटणीची फडकी घडी करून ठेवलेली होती. राजाबाई जात्यापुढं बसली, खुंट्याला हात लावून बघितला, आणि खालचा उरलेला भरडा चिमटीत घेतला.

"कवापासनं म्हाईत हाय तुला?" धुळाप्पानं दारातूनच विचारलं.

"पैल्या घोटापासनं. येंत्रातनं असला भरडा येत न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी दळलं असतं का?"

धुळाप्पा आत आला आणि तिच्या समोर जमिनीवर बसला. लाज वाटत होती, पण त्याहून खांदाच जास्त दुखत होता. त्यानं नकळत डाव्या हातानं तो दाबला. राजाबाईनं ते बघितलं.

"एकाच हातानं फिरवतासा न्हवं?" ती म्हणाली. "तसं करायचं न्हाय. निम्मं झालं की हात बदलायचा. उजव्यानं निम्मं, डाव्यानं निम्मं. एका हातानं वडत ऱ्हायलं की खांदा जातुया."

"हे तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय. माजा गेला तवा कळलं."

धुळाप्पानं अकरा वर्षं रोज पहाटे अंथरुणात पडून त्या जात्याची घरघर ऐकली होती. मेंढ्याचा खोकला त्याला मैलावरून ओळखू यायचा. सोलापुरातल्या एकूण एक गिरणीला कान लावून झाला होता. पण ती दळते कशी, कुठल्या हातानं दळते, हे त्यानं एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. दहा पावलांवरून तर नाहीच, एका पावलावरूनही नाही. तो जात्याकडं बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. या वेळी ते कुणासाठी आहे हे त्याला नीट कळत होतं.

राजाबाईनं कोपऱ्यातल्या शिलकी पोत्यातला शाळू सुपात घेतला, डाव्या हातानं खुंट्याची खालची बाजू धरली आणि वरची बाजू त्याच्यासाठी मोकळी सोडली.

"धरा," ती म्हणाली. "डाव्या हातानं. भोंगा व्हायच्या आत दोन पायल्या काडायच्या हाईत."